तीन दगडांची चूल

ज्यांच्या घरीं मुलांच्या अभ्यासाचा नकाशा असेल, त्या वाचकांनीं तो क्षणभर समोर घ्यावा, अशी विनंती आहे. बंगालच्या उपसागराच्या आग्नेयेस सुमात्रा नांवाचें एक लांबट बेट तिरपें पसरलेलें दिसेल. हें बेट इंडोनेशिया ह्या राष्ट्राचा भाग होय. त्याच्या उत्तर भागांत, डोंगरांच्या मधोमध, एक निळा ठिपका सांपडेल. तें टोबा सरोवर. त्या ठिपक्याच्या पोटांत आणखी एक जमिनीचा तुकडा दिसेल, तो सामोसीर. बेटांत सरोवर आणि सरोवरांत पुन्हां बेट, अशी येथें निसर्गाची रचना आहे. ह्या सामोसीरच्या पूर्व किनाऱ्यावर अंबारिता नांवाचें एक लहानसें गांव आहे. ह्या महिन्यांत वाचकांस त्या गांवीं घेऊन जावें, असें आम्हीं योजिलें आहे. प्रवास नकाशावरून आणि ग्रंथांवरून करावयाचा असल्यामुळें खर्चाची चिंता नाहीं. परंतु परत येतांना पदरीं कांहीं तरी घेऊन यावें, एवढीच अपेक्षा आहे.

प्रथम त्या जलाशयाची ओळख करून घेऊं. ज्वालामुखीच्या खळग्यांत सांठलेल्या सरोवरांत टोबा हें जगांतील सर्वांत मोठें आहे. त्याची लांबी सुमारें १०० किलोमीटर, रुंदी सुमारें ३० किलोमीटर आणि खोली कांहीं ठिकाणीं ५०० मीटरांहून अधिक आहे. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंच. म्हणजे आपल्या माथेरानाहूनहि किंचित् उंच जागीं हा गोड्या पाण्याचा सागर पसरला आहे. सुमारें ७४,००० वर्षांपूर्वीं येथें जो उद्रेक झाला, तो गेल्या वीस लक्ष वर्षांतील सर्वांत प्रचंड समजला जातो. पर्वताच्या पोटांतील द्रव्य बाहेर पडलें, पोकळ झालेला माथा खालीं बसला, आणि त्या खळग्यांत पावसाचें पाणी सांठत गेलें. पुढें आंतील दाबानें तळाचा एक भाग पुन्हां वर उचलला गेला. तोच हा सामोसीर. म्हणूनच त्याच्या माथ्यावर आजहि सरोवराच्या तळचा गाळ सांपडतो.

त्या पर्वताची राख वाऱ्यानें समुद्रापार येऊन भारतभूमीवरहि पडली. पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांत, कुकडी नदीच्या कांठीं बोरी म्हणून गांव आहे. तेथें नदीच्या थडीला पांढुरक्या राखेचा एक थर आहे, आणि ती राख टोबाचीच असें संशोधक सांगतात. ती ७४,००० वर्षांपूर्वींच्या उद्रेकाची, कीं त्याच पर्वताच्या त्याहून फार जुन्या उद्रेकाची, ह्याविषयीं त्यांच्यांत दीर्घ वाद झालेला आहे. वाद कसाहि मिटो. ज्या डोंगराच्या पोटांत आज अंबारितेचे कोळी जाळीं टाकतात, त्याची चिमूटभर राख आपल्या कुकडीच्या कांठीं पडून आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे तें गांव तितकें परकें वाटत नाहीं.

मेदान हें त्या प्रांतांतील मोठें शहर. तेथून दक्षिणेस घाटरस्त्यानें सरोवराच्या पूर्व तीरावरील पारापत येथें यावें आणि नावेंत बसावें. तासाभराच्या आंत नाव पलीकडे लागते. किनाऱ्यालगत भाताचीं खाचरें, त्यांच्या मागें बेटाचा उंच कडा, मध्येंच एखाद्या ख्रिस्ती देवळाचा निमुळता मनोरा, आणि जागोजागीं होडीसारख्या आकाराचीं छपरें, असा देखावा दिसूं लागतो. येथील लोक बाताक जातीचे. त्यांतहि टोबा-बाताक ह्या शाखेचे. त्यांच्या भाषेंत जुन्या पद्धतीच्या वस्तीस ‘हुता’ म्हणतात. हुता म्हणजे आपल्या समजुतीचें गांव नव्हे; एकाच कुळाचा, आठ-दहा घरांचा, तटाबंदींतला वाडाच तो. अंबारितेस सियालागान कुळाचा असा एक जुना हुता आजहि राखून ठेवलेला आहे. भोंवतीं दगडी तट, आंत समोरासमोर घरांची व कोठारांची ओळ, मधें मोकळें अंगण, अंगणांत एक विशाल वृक्ष, आणि त्या वृक्षाखालीं गोलाकार मांडलेलीं दगडी आसनें. कुळाचा राजा आणि वडीलधारी मंडळी त्या आसनांवर बसून तंट्यांचा निवाडा करीत. प्राचीन काळच्या शिक्षांच्या भयंकर कथा तेथें येणाऱ्या प्रवाशांस रंगवून सांगतात. त्या ऐकण्याची हौस ज्यांस असेल त्यांनीं ती तेथेंच भागवावी. आम्हांस त्या आसनांहून त्या घरांतील चुलीविषयीं अधिक लिहावयाचें आहे.

घरें लांकडी, जाड खांबांवर उचललेलीं. खालच्या मोकळ्या जागेंत पूर्वीं गुरें बांधीत. छपराचीं दोन्ही टोकें वर उचललेलीं आणि मधला भाग खोलगट. दर्शनी बाजूवर तांबड्या, पांढऱ्या व काळ्या रंगांत कोरीव नक्षी. दार इतकें ठेंगणें कीं आंत जाणाऱ्यास मान लववावीच लागते. यजमानाच्या घरीं नम्र होऊन प्रवेश करावा, असा त्याचा अर्थ तेथें सांगतात. पूर्वीं छपरास ताडाच्या जातीच्या झाडाचे काळे तंतू घालीत. आतां बहुतेक ठिकाणीं पत्रे आले आहेत. आंत भिंती नाहींत. एकाच छपराखालीं बापाचा, मुलांचा, क्वचित् भावांचाहि संसार चाले. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्या घराचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

त्या दर्शनी नक्षींत एक पाल कोरलेली असते. तिला ते लोक ‘बोरासपाती’ म्हणतात आणि ती घरादाराचें व भूमीचें रक्षण करते, असें मानतात. हें नांव प्रथम वाचलें तेव्हां आम्ही थबकलों. बोरासपाती म्हणजे आपला बृहस्पति! देवांच्या गुरूस सुमात्रांत पालीचें रूप कसें मिळालें, हा स्वतंत्र विषय होईल. पण नांव तेंच ह्यांत संशय नाहीं. त्यांच्या जुन्या पंचांगांतील वार पाहावे: आर्तिया, सुमा, आंगारा, मुदा, बोरासपाती, सिंगकोरा, सामिसारा. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पति, शुक्र आणि शनैश्चर हे सातहि ग्रह थोडी वेषभूषा बदलून ओळीनें उभे आहेत. आठ दिशांचींहि तीच स्थिति: पूर्वेस पुरबा, दक्षिणेस दांगसिना, पश्चिमेस पास्तिमा, उत्तरेस उतारा. देवास देबाता म्हणतात. झाडाच्या सालीची घडी घालून केलेली मंत्रतंत्राची पोथी म्हणजे ‘पुस्ताहा’. तिची लिपीहि ब्राह्मीच्याच वंशांतील. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुसजवळ इ. स. १०८८ चा एक तमिळ शिलालेख सांपडला आहे. त्यांत दक्षिणेकडील व्यापाऱ्यांच्या संघाचा उल्लेख आहे. सरोवराच्या उत्तरेस राहणाऱ्या करो-बाताकांतील एका कुळाच्या पोटशाखांचीं नांवें तर कोलिया, पांडिया आणि ब्राह्माना अशीं आहेत.

हें वाचून आमची छाती फुगली, हें कबूल केलें पाहिजे. ‘पाहा, तेथेंहि आपलेंच!’ असें म्हणून ग्रंथ मिटावा, असा मोह झाला. आपल्या वर्गांतील लोकांस ही खोड फार आहे. परदेशीं कोठें संस्कृत शब्द दिसला कीं आपण त्या लोकांचे गुरु झालों असें समजून समाधान पावतों, आणि त्यांच्यापाशीं आपल्याला शिकण्यासारखें कांहीं असेल हा विचारच मनांत येत नाहीं. परंतु वार आणि दिशा हीं उसनीं घेतां येतात. संसार उसना घेतां येत नाहीं. अंबारितेच्या लोकांचा संसार ज्या तत्त्वावर उभा आहे तें तत्त्व त्यांचें स्वतःचें आहे. त्याकडे वळण्यापूर्वीं त्या सरोवराची एक लोककथा सांगणें अवश्य आहे.

एका खोऱ्यांत टोबा नांवाचा एकटा शेतकरी राहत असे. एके दिवशीं त्याच्या गळाला सोनेरी मासा लागला. घरीं आणतांच त्या माशाची सुंदर स्त्री झाली. तिनें त्याच्याशीं विवाह करण्याचें मान्य केलें. अट एकच, कीं ती मूळची कोण हें त्यानें कधींहि उच्चारूं नये. यथाकाळीं मुलगा झाला. तो मोठा खादाड निघाला. एकदां आईनें बापाची न्याहारी देऊन त्याला शेतावर पाठविलें असतां त्यानें ती वाटेंतच खाऊन टाकली. उन्हांत राबून भुकेलेला बाप संतापला आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला: माशाचा पोर! मुलगा रडत आईकडे गेला. तिनें त्याला उंच टेकडीवर जावयास सांगितलें. मग भूमींतून पाणी उसळलें, मेघ फुटले, खोरें बुडालें आणि सरोवर झालें. मुलगा ज्या उंचवट्यावर राहिला तो सामोसीर.

ह्या कथेंत आमच्या वाचकांस शंतनु आणि गंगा आठवतील, पुरूरवा आणि उर्वशीहि आठवतील. अट घालणारी आणि ती मोडतांच निघून जाणारी दिव्य स्त्री पुष्कळ देशांच्या कथांत आहे. परंतु टोबाच्या कथेंत अट कसली मोडली तें पाहावें. शंतनूनें प्रश्न विचारला. टोबानें बायकोच्या मुळाचा उद्धार केला. आपल्या घरगुती भाषेंत सांगावयाचें तर तिचें माहेर काढलें. तेंहि तिला उद्देशून नव्हे, तर पोराला उद्देशून, भुकेच्या भरांत, एका शब्दानें. त्या एका शब्दापायीं शेत, घर आणि संसार पाण्याखालीं गेला.

ज्या लोकांनीं आपल्या सरोवराची उत्पत्ति अशी सांगितली, त्यांनीं आपला संसार कसा मांडला असेल? त्यांच्या आचाराचें नांव ‘दालिहान ना तोलू’ असें आहे. त्याचा शब्दशः अर्थ तीन दगडांची चूल. पैकीं एक दगड म्हणजे आपलें कुळ, एका पूर्वजाचे वंशज भाऊबंद. त्यांस ‘दोंगान तुबू’ म्हणतात. दुसरा दगड म्हणजे ज्या कुळानें आपल्याला मुलगी दिली तें कुळ, तें ‘हुला-हुला’. तिसरा दगड म्हणजे ज्या कुळास आपण मुलगी दिली तें, तें ‘बोरु’. ह्या तिन्हींवर घराचें भांडें टेकलेलें असतें. भाऊबंदांशीं जपून वागावें, मुलगी देणाऱ्यांपुढें नम्र व्हावें, आणि मुलगी नेणाऱ्यांस गोड बोलून सांभाळावें, असा त्यांचा दंडक आहे. भाऊबंदांशीं ‘जपून’ वागावें, ह्या शब्दांतील शहाणपण ज्यांच्या घरीं वांटणीचा दावा झाला आहे त्यांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

येथें आपल्या रीतीहून उलटी गोष्ट दिसते ती ही. आपल्याकडे वरपक्ष उंच आणि वधूपक्ष नीच. मुलीचा बाप मांडवांत हात जोडून उभा, आणि वरमाय पाटावर बसून कोणत्या मानांत उणें पडलें तें मोजते. बाताकांत मुलगी देणारें कुळ श्रेष्ठ. वंश ज्याच्या देणगीनें चालला तो दाता लहान कसा, असा त्यांचा साधा हिशेब आहे. मुलगी देणाऱ्या कुळास ते डोळ्यांस दिसणारा देव मानतात. मुलांच्या दृष्टीनें हें कुळ म्हणजे मामाचें कुळ. मामास ते ‘तुलांग’ म्हणतात आणि त्याचा आशीर्वाद सर्वांत प्रभावी समजतात. लग्नांत वधूचे आईबाप ‘उलोस’ नांवाचें हातमागाचें वस्त्र वधूवरांच्या खांद्यांवरून एकत्र पांघरतात. डोक्यावर तांदूळ ठेवतात. आपल्या अक्षताच त्या, परंतु जीवात्मा घट्ट व्हावा हा त्यांचा हेतु आहे. उलोस नेहमीं मुलगी देणाऱ्यांकडून मुलगी घेणाऱ्यांकडे जातो. द्रव्य आणि मेजवानीचें जनावर उलट दिशेनें येतात. वरपक्षानें वधूपक्षास जें द्रव्य द्यावयाचें त्यास ‘सिनामोत’ म्हणतात. हुंड्याची दिशा तेथें उलटी आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून आमच्या तरुण जांवईमंडळीस घाम फुटेल. सासऱ्याच्या कुळांत कार्य निघालें म्हणजे चुलाणापाशीं राबणें, पानें वाढणें, पाहुण्यांच्या मागें धांवणें, हें काम बोरु पक्षाचें, अर्थात् जांवयाचें आणि त्याच्या भाऊबंदांचें. जांवई मोठ्या हुद्द्यावर असला तरी ह्या दिवशीं तो वाढपी. ज्यास आपण दहावा ग्रह म्हणून भीत भीत पाटावर बसवितों, तो तेथें पदर खोंचून उभा असतो!

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग एकाचा माज गेला आणि दुसऱ्याचा आला, एवढेंच.’ तसें होत नाहीं, आणि ह्या रचनेची खरी खुबी येथेंच आहे. प्रत्येक कुळ एका कुळाचें बोरु आणि दुसऱ्याचें हुला-हुला असतें. आज जो सासऱ्याच्या अंगणांत पाणी वाहतो, तोच उद्यां आपल्या मुलीच्या सासरच्या माणसांकडून मान घेतो. उंच-नीचपणा माणसाला चिकटत नाहीं. तो नात्याच्या जागेला असतो, आणि जागा फिरत राहते. ही दिशा उलटूं नये म्हणून नियमहि आहे. एका कुळांत विवाह वर्ज्य, आपल्या सगोत्र-निषेधासारखाच. मामाची मुलगी करणें इष्ट. आत्याची मुलगी करणें निषिद्ध, कारण ज्या घराला आपण मुलगी दिली त्याच घराकडून मुलगी घेतली तर चुलीचे दगड जागा बदलतील. देशावरच्या कित्येक घराण्यांत मामाची मुलगी करण्याची रीत होती, हें वाचकांस ठाऊक आहेच. रीत तीच, परंतु तिच्यामागें मामाच्या घराचा हा मान आपण जोडला नाहीं. बाताकांत तर मुलानें मामाची मुलगी न करितां दुसऱ्या कुळांतली केली, तरी लग्नांत त्या मामाला सिनामोताचा एक भाग मानानें दिला जातो.

विवाहानंतरहि स्त्री आपल्या बापाच्या कुळाचें नांव टाकीत नाहीं. सियालागान कुळाची मुलगी कोठेंहि नांदावयास गेली तरी मरेपर्यंत ‘बोरु सियालागान’, म्हणजे सियालागानांची लेक, म्हणूनच ओळखली जाते. दोन अनोळखी बाताक भेटले कीं प्रथम कुळ विचारतात, मग आईचें कुळ विचारतात, आणि कोणी कोणास काय म्हणावयाचें तें तेथल्या तेथें ठरतें. आपल्याकडे मुलीचें नांव, आडनांव आणि गोत्र एकाच दुपारीं बदलतें. ह्यांत वाईटच आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण एवढें सगळें ज्या माणसानें सोडलें, त्याच्या उरलेल्या माहेराशीं निदान जपून वागावें कीं नाहीं?

हें लिहितांना लेखणी थोडी अडखळते, कारण ह्या बाबतींत आम्हीहि निर्दोष नाहीं. आमच्या लग्नास पांचसहा वर्षें झालीं असतील. घरीं श्राद्धाचा स्वयंपाक होता, ब्राह्मण पानावर बसावयाचे, आणि कांहीं पदार्थ व्हावयाचा राहिला. आम्ही सर्वांदेखत म्हणालों, ‘माहेरीं एवढेंहि शिकविलें नाहीं वाटतें!’ आमचे श्वशुर भिक्षुकीवर निर्वाह करणारे, अत्यंत सात्त्विक गृहस्थ होते. आमचें कुटुंब कांहींहि बोललें नाहीं. पदार्थ झाला, पानें वाढलीं गेलीं, कार्य पार पडलें. सरोवर वगैरे कांहीं झालें नाहीं. मात्र पूर्वीं माहेरचें पोस्टकार्ड आलें कीं ती तें आम्हांस मोठ्यानें वाचून दाखवीत असे, तें त्या दिवसापासून बंद झालें. हें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. श्वशुरांच्या मृत्यूनंतर एकदां पेटींत त्यांच्या पत्रांचा गठ्ठा दिसला. आम्हीं तीं वाचलीं. जवळजवळ प्रत्येक पत्रांत आमच्या प्रकृतीची चौकशी होती, आणि तिला एकहि उत्तर आमच्या हातून गेलेलें नव्हतें. टोबाच्या कथेंत पाणी एका घटकेंत चढतें. आमच्याकडे तें इतकें हळू चढलें कीं आम्हांस वीस वर्षें कळलें नाहीं.

बाताकांचें सगळेंच अनुकरणीय आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. मुलीच्या बापाचा मान मोठा, तरी मुलीचा स्वतःचा हक्क मोठा नव्हता. कुळ मुलग्यांवरून चाले, म्हणून मुलगा नसलेल्या घराचा वंश बुडाला असें मानीत. जुन्या आचाराप्रमाणें बापाची जमीन मुलग्यांसच जाई. सन १९६१ मध्यें इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयानें करो-बाताकांच्या एका खटल्यांत मुलीला मुलाबरोबरीनें वारसा आहे असा निर्णय दिला, तेव्हां त्या रूढीस मोठा धक्का बसला. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मुलीस बापाच्या मिळकतींत वांटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळावयास मात्र महाराष्ट्रांत १९९४ आणि सर्व देशांत २००५ साल उजाडावें लागलें. तेव्हां ह्या बाबतींत एकमेकांस हंसण्याचा अधिकार कोणासच नाहीं. सिनामोताचीहि घासाघीस होते. मुलगी जितकी शिकलेली तितका आंकडा चढतो. हुंडा काय किंवा सिनामोत काय, पैशाची बोलणी सुरू झालीं म्हणजे बाजाराचा वास येतोच.

तरी हा आचार किती चिवट आहे तें पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नोमेनसेन हा जर्मन मिशनरी ह्या प्रदेशांत आला आणि १९१८ सालीं सरोवराच्या परिसरांतच वारला. त्याच्या हयातींत टोबा-बाताकांतील फार मोठा समाज ख्रिस्ती झाला. त्याच काळांत डच सरकारशीं जवळजवळ तीस वर्षें झुंजणारा त्यांचा पुरोहित-राजा बारावा सिसिंगामांगाराजा १९०७ च्या जून महिन्यांत लढतां लढतां मारला गेला. त्याच्या नांवांतील सिंह आणि महाराज हे शब्द वाचकांस सहज ओळखतां येतील. राज्य गेलें, जुने देव बहुतेकांनीं सोडले, पोथ्या परदेशच्या संग्रहालयांत गेल्या. पण तीन दगडांची चूल हलली नाहीं. आजहि ख्रिस्ती देवळांत विवाह लागल्यावर मंडळी बाहेर येतात आणि उलोस, तांदूळ व मानपान ह्यांचा विधि जुन्या रीतीनें दिवसभर चालतो. बेटावरचीं तरुण मुलें मेदान, जकार्ता अशा शहरांत पोटापाठीं गेलीं आहेत. सन २०२० मध्यें युनेस्कोनें टोबाच्या परिसरास जागतिक भू-उद्यान म्हणून मान्यता दिली, आणि किनाऱ्यावर प्रवाशांची वर्दळ असते. तथापि पूर्वजांच्या अस्थि उकरून, कुळाच्या नव्या स्मारकांत ठेवण्याचा समारंभ निघाला कीं शहरांतून माणसें गांवीं येतात, आणि कोणीं कोठें बसावयाचें हें आजहि तीन दगडांवरूनच ठरतें.

आतां परत निघावयास हवें. पदरीं काय घेऊन यावें? त्यांची सगळी पद्धत आपण घेऊं शकत नाहीं, आणि घेण्याची आवश्यकताहि नाहीं. पण पुढच्या मांडवांत एवढें करितां येईल: वरपित्यानें वधूपित्याचा हात धरून त्याला आधीं आसनावर बसवावें, आणि मग आपण बसावें. घरांतील कर्त्या मुलानें सासरच्या कार्यांत पाटावर न बसतां एक पंगत वाढावी. सुनेच्या माहेरचें पत्र, आणि हल्लीं पत्रें नाहींत म्हणून दूरध्वनि, आला असतां ‘तुझे वडील कसे आहेत?’ हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्या पुरुषानें आपण होऊन विचारावा. ह्याला धर्मशास्त्राचा आधार शोधण्याचें कारण नाहीं, आणि पैहि खर्च नाहीं.

आमच्या घरीं ती चौकशी करण्याची वेळ निघून गेली. श्वशुर नाहींत, पण मेहुणे आहेत. हा लेख पुरा करून आम्ही त्यांस पत्र लिहावयास बसत आहों.